छत्तीस मेगाबाइटचं दार

१

लग्नानंतरच्या पाचव्या आठवड्यापर्यंत माझा दिवस एका रुळावर आला होता. सकाळचं आवरलं की मी मागच्या खोलीत जायचे. ती खोली घरात कुणाचीच नव्हती, म्हणून माझी झाली. इस्त्रीचं टेबल, बंद पडलेलं शिलाई मशीन आणि हातभर अंतरावरची शेजारच्या इमारतीची भिंत दाखवणारी खिडकी. खोलीचं दार फुगलेलं होतं. उघडताना मूठ धरून ते जरा उचलावं लागायचं. सासूबाईंनी ती युक्ती मला पहिल्याच दिवशी शिकवली होती. "एकदा हाताला सवय झाली की कळतही नाही," म्हणाल्या.

सवय होण्याइतके दिवस मी तिथे बसणार नव्हते. येत्या सोमवारी साडेदहाला मला दुसऱ्या गावातल्या एका ऑफिसात नोकरीवर हजर व्हायचं होतं. बसने तीन तासांचा रस्ता. लग्नासाठी तारीख एकदा पुढे ढकलून घेतली होती; आता आला नाहीत तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देऊ, असं त्यांनी लेखी कळवलं होतं. सोम ते शुक्र तिकडे वसतिगृहात, शनिवार-रविवार इकडे. घरात सगळ्यांनी हो म्हटलं होतं. इतकं चटकन म्हटलं होतं की वाद घालायची माझी सगळी तयारी वाया गेली.

मधला आठवडा रिकामा जाऊ नये म्हणून सासऱ्यांनी मला काम आणून दिलं. ते बोलणारी दारं बनवणाऱ्या कंपनीतून निवृत्त झाले होते. "कार्ड पुन्हा लावा", "दार ओढू नका" असं सांगणारी मोठ्या इमारतींची दारं. चौदा वर्षांपूर्वीच्या एका दाराचा मूळ प्रोग्राम कंपनीकडून हरवला होता. उरली होती फक्त त्याची ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे कंपाइल झालेली, यंत्राने वाचायची, माणसाने नव्हे. त्यातली सगळी वाक्यं काढून हवी होती. नव्या आवाजात ध्वनिमुद्रित करायची होती.

"आमच्या सूनबाई करतील की," सासरे फोनवर म्हणाले, आणि मग फोनवर हात ठेवून मला विचारलं, "करशील ना गं?"

२

काम खरंच सोपं होतं. अशा फाइलीत कप्पे असतात, त्यांना सेक्शन म्हणतात. एकात यंत्राच्या आज्ञा, एकात नावं, एकात वाक्यं. ते वाचायला सी भाषेची एक लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा संच, आहे. तिला हात लावण्याआधी तिच्या आवृत्तीची चौकशी करावी लागते. केली नाही तर ती एक अक्षर दाखवत नाही. नव्या घरात पाऊल टाकलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. चौकशी झाली की फाइल उघडायची, एकेक कप्पा मागायचा, वाक्यांचा कप्पा मिळाला की आत शिरायचं. वाक्यं एकापुढे एक ठेवलेली असतात आणि दोन वाक्यांमध्ये एक शून्य. शून्य भेटलं की वाक्य संपलं.

मंगळवारी दुपारी प्रोग्राम चालवला. कंपनीने शहाण्णव वाक्यं सांगितली होती. शहाण्णव छापून झाली, पण छपाई थांबली नाही. पडदा सरकतच राहिला. मी तो थांबवला आणि तेव्हा कुठे फाइलीचा आकार पाहिला. छत्तीस मेगाबाइट. दाराला एवढं काय बोलायचं असतं?

सत्त्याण्णवावं वाक्य होतं: "दमली असशील, टेक जरा."

त्यापुढे, "उशी उंच होत असेल तर सांग हं." त्यापुढे, "एवढंच वाढून घेतलंस?"

मला हसू आलं. हे दार फारच माणसाळलेलं दिसत होतं. मग हसू जागच्या जागी राहिलं. लग्नाच्या दिवशी या घरात शिरल्यावर सासूबाईंनी मला म्हटलेलं पहिलं वाक्य "दमली असशील, टेक जरा" हेच होतं. उशीचं त्याच दिवशी, नवऱ्याने म्हटलेलं.

पण डोकं ताळ्यावर होतं. कुणीतरी आवाजाची चाचणी घ्यायला घरगुती वाक्यं घातली असणार, आणि सासरेच तिथे कामाला होते म्हटल्यावर वाक्यंही याच घरातली असणार. माणसं आयुष्यभर तीच तीच वाक्यं वापरतात. मी बाहेर गेले. सासरे स्वयंपाकघरातला गळका नळ खोलून बसले होते.

"बाबा, तुमच्या त्या दारात चाचणीची वाक्यं तुम्ही घातली होती का?"

"मी वायरिंगचा माणूस गं. स्क्रू दे, पिळतो. आतलं काय असायचं ते आम्हाला दाखवायचेही नाहीत." नळाला चापट मारून ते पुढे म्हणाले, "पण घातलीही असतील कुणी. एकाने तर दाराला शिंकायला शिकवलं होतं. साहेब आले की शिंकायचं."

मी हसत खोलीत परतले आणि, का कोण जाणे, "वायरिंग" हा शब्द शोधला.

वाक्य क्रमांक एक हजार बारा: "मी वायरिंगचा माणूस गं." एक हजार तेरा: "स्क्रू दे, पिळतो."

शिंकही होती. तिच्यापुढची वाक्यं मला अजून कुणी म्हटलेली नव्हती. त्यातलं पहिलं होतं, "दार लावून काय बसलीस?"

मी पडद्याकडे बघत होते. मागे मूठ उचलल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं. सासूबाई कपड्यांची चळत घेऊन उभ्या होत्या.

"दार लावून काय बसलीस?" त्या म्हणाल्या.

३

नवरा मन लावून ऐकतो. हा त्याचा गुण मी लग्न ठरतानाच हेरला होता. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, जगात वाक्यं असून असून किती असणार? कुठल्याही घरात जा, 'दार लावून काय बसलीस' हे कुणीतरी कुणाला तरी म्हणतंच असतं."

"आणि वायरिंग?"

"बाबा गेली चाळीस वर्षं तेच सांगतायत. लग्नात गुरुजींनाही सांगितलं."

पटण्यासारखं होतं, आणि मला पटवून घ्यायचं होतं. तरी बुधवारी सकाळी मी, ही फाइल जिच्यावरून आली होती ती कंपनीची जुनी सीडी सासऱ्यांच्या कपाटातून मागून घेतली आणि तिच्यावरची फाइल माझ्या संगणकावरच्या फाइलीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिली. कुणी गंमत करत असेल, संगणक आमचं बोलणं ऐकून लिहीत असेल, तर फरक निघायला हवा होता. निघाला नाही. तारीख चौदा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी शाळेत होते आणि या घरातल्या कुणाला माझा पत्ताही नव्हता.

मग मी यादीचा पुढचा तुकडा छापून घेतला आणि पेन्सिल घेऊन बसले. ऐकलं की टिक. घरात दिवसभर जे बोललं जातं ते सगळं यादीत नव्हतं. फक्त मला उद्देशून बोललेलं होतं, आणि होतं ते क्रमाने.

कुठल्याही घरात चालणार नाही असं एक वाक्य त्या तुकड्यात सापडलं. "अगं, रक्त! अंगठा बघ, डाव्या पायाचा."

हे हाणून पाडणं माझ्या हातात होतं. बुधवारी दुपारपासून मी घरात चपला घालून वावरायला लागले.

"पाय गार पडतात का गं?" सासूबाईंनी विचारलं. मी खोलीत जाऊन टिक केली.

गुरुवारी दुपारी न्हाणीघराची फरशी धुवायची होती. तेवढ्यापुरत्या मी चपला दाराबाहेर काढल्या. कोपऱ्यात तेलाची एक जुनी बाटली होती. ती फुटलीसुद्धा नाही, नुसती माझ्या पायावर कलंडली. तिचा कडेचा टवका आधीच उडालेला होता. मला काहीच जाणवलं नाही. सासूबाईंच्या ओरडण्याने कळलं.

त्यांनी स्वतः माझा पाय मांडीवर घेऊन पट्टी बांधली. इतक्या मायेने बांधली की मला रडू आलं, आणि त्यांना वाटलं जखमेमुळे.

४

शुक्रवारी मी फक्त भागाकार केला.

एका वाक्याला सरासरी नव्वद बाइट. टिका मोजल्या तर मला दिवसाला सत्तावीस वाक्यं बोलली जात होती. वर्षाचे बाइट झाले नऊ लाखांच्या आत. फाइल छत्तीस मेगाबाइट, आणि ती जवळजवळ सगळी या एकाच कप्प्याने भरलेली. उत्तर आलं चाळीस वर्षं आणि वर काही महिने.

पुन्हा केला. तेच.

मग सोमवार शोधला. अवघड नव्हतं, दिवसाला सत्तावीसच्या हिशेबाने पुढे जायचं, मागेपुढे थोडं बघायचं. सोमवारी मी निघताना कुणीतरी काहीतरी म्हणणारच. "सांभाळून जा", "पोचलीस की फोन कर", "डबा घेतलास का?" एवढी तीन तरी. माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात निघाला तरी या घरात यातलं एक म्हणतात.

शोधाला काहीच सापडलं नाही. सोमवारच्या जागी होतं, "आज उशीर झाला गं उठायला." मंगळवारी, "मागच्या खोलीचा पडदा धुवायला टाकूया का?" बुधवारी, गुरुवारी, पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी, सगळं असंच. वाईट काहीच नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायला हवं. एकही टोमणा नाही, एकही शिवी नाही. चाळीस वर्षं मला विचारलं जाणार होतं की पुरेसं वाढून घेतलंय ना.

यादीतलं शेवटचं वाक्य मी पाहिलं नाही. हे खोटं आहे, पाहिलं. "आई, ऐकतेयस ना?" एवढंच होतं. ते कुणाचं आहे ते लिहिलेलं नव्हतं. अक्षरांना आवाज नसतो, तरी एक भरदार पुरुषी आवाज मला स्पष्ट ऐकू आला, आणि तो नवऱ्याचा नव्हता.

५

शनिवारी मी ठरवलं की वाट बघत बसण्यापेक्षा वाक्य वदवून घ्यायचं. एक वाक्य यादीबाहेरचं निघालं की यादी खोटी.

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी समोर बसून टॉवेल उचलला.

"आई, सोमवारी सकाळी सातची बस आहे माझी."

"हो ना."

हे माझ्या यादीत होतंच.

"निघताना मला काय म्हणाल?"

"म्हणजे?"

"म्हणजे, जाताना काय म्हणतात ना आपल्यात. सांभाळून जा, वगैरे."

त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. तोंड उघडलं. मला दिसत होतं, शब्द तिथे होता, ओठ त्याच्या आकाराचे झाले होते. मग त्या म्हणाल्या, "टॉवेल असा नको, तिहेरी घडी घाल. कप्प्यात मावत नाही नाहीतर."

त्या थांबल्या नव्हत्या, अडखळल्या नव्हत्या. आपण उत्तर दिलं असंच त्यांना वाटत होतं. मी तिहेरी घडी घातली.

दुपारी नवऱ्याला गाठलं. त्याला मी सरळच सांगितलं. "माझ्यासाठी एक कर. म्हण, 'पोचलीस की फोन कर.'"

"एवढंच?"

"एवढंच. आत्ता."

त्याने छातीवर हात ठेवला, नाटकातल्यासारखा घसा खाकरला आणि म्हणाला, "पाणी आज लवकर गेलं वाटतं."

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. तेच होतं.

"म्हटलं नाहीस तू."

"अगं म्हटलं की! अजून कितीदा म्हणू?" तो हसायला लागला आणि मग माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "काय टिका करत असतेस गं सारखी?"

यादीतही पुढे हेच होतं. टिक करायला पेन्सिल उचलवली नाही.

६

मला धरून ठेवणारी एकच गोष्ट होती. यादीत माझं वाक्य एकही नव्हतं. ते काय बोलणार हे ठरलेलं असेल, मी काय बोलणार हे नव्हतं. माझे पाय माझे होते. कुणी निरोप दिला नाही म्हणून बस चुकत नाही.

रविवारी दुपारी, घर झोपलेलं असताना, कंपनीला पाठवायची शहाण्णव वाक्यं शेवटची तपासावी म्हणून मी प्रोग्राम उघडला आणि मला माझी चूक दिसली. शिकाऊ मुलंही करत नाहीत अशी. वाक्यांचा कप्पा सापडेपर्यंत कप्पे मागत राहायचं, आणि सापडला की थांबायचं, असं मी लिहिलं होतं. तसा कप्पा एकच असेल असं गृहीत धरून. फाइलीत तसे कप्पे कितीही असू शकतात. हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

थांबण्याची ती ओळ काढून टाकायला एक क्षण लागतो. मी बराच वेळ बसले. समोरच्या भिंतीवर पाण्याचा एक जुना ओघळ आहे, त्याच्याकडे बघत. मग काढली.

दुसरा कप्पा होता. लहान, पहिल्याच्या पासंगालाही न पुरणारा. मी कमी बोलते हे माहेरीही सगळे म्हणायचे. सुरुवात होती, "नाही हो, दमले नाही." पुढे सरकत गेले. "बाबा, तुमच्या त्या दारात चाचणीची वाक्यं." "आणि वायरिंग?" "आई, सोमवारी सकाळी सातची बस आहे माझी." "म्हटलं नाहीस तू." ते माझं आतापर्यंतचं शेवटचं बोलणं होतं, कारण शनिवार दुपारपासून मी कुणाशी बोललेच नव्हते. त्याच्याखालची ओळ दिसण्याआधी मी पडद्यावर हात ठेवला, चाचपडत फाइल बंद केली आणि संगणक मिटला.

तिथेच ठरवलं. न वाचलेलं वाक्य मी न बोलता ठेवू शकते. मी बोललेच नाही तर तो कप्पा पुढे सरकणार कसा?

"घसा बसला का गं?" संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी मिठाचं कोमट पाणी आणून दिलं. मी ते बसून, शेवटच्या घोटापर्यंत, प्याले.

७

सोमवारी सहाला मी उठले. नवरा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. न्हाणीघरात पाण्याचा आवाज होता, सासूबाईंचा. सासरे गच्चीत व्यायाम करत होते. त्यांची पाठ दिसत होती. मी बॅग उचलली, पायातल्या पट्टीवरून चप्पल चढवली आणि कुणालाही न सांगता बाहेर पडले. या घरात असं कुणी जात नाही. त्याची लाज मला दोन जिने पुरली, तिसऱ्याला संपली.

रस्ता झाडून झाला होता. दूधवाला सायकल लावत होता. कुणी अडवलं नाही, कुणी हाक मारली नाही. स्थानकावर बस लागलेली होती, पाटीवर माझ्या ऑफिसचं गाव. मला इतकं हलकं वाटलं की रांगेत उभी राहून मी चक्क हसत होते. दारात कंडक्टर तिकिटं फाडत होता.

"कुठे?" त्याने विचारलं.

मी बोट पुढे केलं.

"पुढे पाच थांबे आहेत, ताई. बोटाचं तिकीट फाडू?"

मागचे दोघं-तिघं हसले. मी पर्समधून नेमणुकीचं पत्र काढून त्याच्यासमोर धरलं.

"चष्मा घरी राहिलाय. तोंडाने सांगा."

एक शब्द. गावाचं नाव. ते मी अगणित वेळा उच्चारलं होतं, मुलाखतीत, फोनवर, आईला सांगताना. एका शब्दाला वाक्य म्हणत नाहीत. मी श्वास घेतला आणि म्हणाले, "चादर कुठली घालू, आई?"

आवाज अगदी नेहमीचा होता. गोड म्हणावा असा.

कंडक्टरने वर पाहिलं. "काय?"

मी मान हलवली, नाही, नाही, आणि पुन्हा तोंड उघडलं. "आणते, आणते."

"अहो, गाव सांगा गाव!"

"नाही हो, काही दुखत नाही आता."

मागची बाई म्हणाली, "बरं नाहीये का त्यांना? बाजूला घ्या जरा." कुणीतरी माझ्या दंडाला धरून, अगदी हळू, मला पायरीवरून खाली उतरवलं. माझी बॅगही कुणीतरी सांभाळून शेजारी ठेवली. बाकीचे चढले. मी दाराची दांडी धरायला हात केला तेव्हा दार बंद झालं होतं. बस निघाली. पाटीवरचं गावाचं नाव मी वळणापर्यंत वाचत होते. मनात ते नीट उच्चारता येत होतं.

फोन वाजला. नवरा होता. घड्याळात सात वाजून चार मिनिटं झाली होती. तो नुकताच उठला असणार. त्याच्या मागे घरातले सकाळचे आवाज होते, भांडी, नळ, कुणाचं तरी चालणं.

"कुठे आहेस गं?" त्याने विचारलं.

मला ओरडायचं होतं. स्थानकावर आहे, ये, मला घेऊन जा, नाहीतर बसवून दे. मी सगळा जोर लावला.

"इथेच," मी म्हणाले. "घरात."

पलीकडे चार पावलं वाजली. मग फुगलेलं दार मूठ धरून उचलल्याचा आवाज आला.

"हां, दिसलीस," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.